उरलेला तरवा

पिंड वळेना.

दिगूने पुन्हा मूठभर भात घेतला, दाबला, तळव्यावर फिरवला आणि मूठ उघडली. शितं एकमेकांना ओळख न देता सुटी झाली आणि केळीच्या पानावर सांडली. व्हाळाच्या काठावर बसलेले आबा उपाध्ये दर्भाच्या काड्या उगाच सारख्या करत राहिले.

"पाण्याचा हात लाव," ते म्हणाले.

पाण्याचा लावला, मग तुपाचा. शितं चकचकीत झाली, पण धरून राहिली नाहीत.

"भात कच्चा ठेवला असेल," मागे उभी असलेली केतकी म्हणाली. "एवढंही तिला नीट करता आलं नाही."

'तिला' म्हणजे प्राजक्ताला, दिगूच्या बायकोला. आई गेल्यापासून केतकीने भावजयीचं नाव उच्चारलं नव्हतं. दिगू बायकोच्या बाजूने काही बोलेल असं क्षणभर वाटलं, पण तो पानाकडे बघत राहिला. पुढे कितीतरी दिवस केतकीला आठवत राहिलं ते हेच, की तेव्हा तो काही बोलला नाही.

बोलले आबा. "कच्चा नाही हो. हे बघा, शीत दाबलं की पार मोडतंय. शिजलाय चांगला. हल्ली होतंय हे असं. गेल्या महिन्यात वरच्या वाडीत झालं, मग खाडीपलीकडे एका घरी. मी तर आता पिशवीत कणीक ठेवूनच निघतो." त्यांनी खरंच पिशवीतून कणकेची पुडी काढली. "लोक म्हणतात गेलेल्याची इच्छा राहिली. इच्छा कसली! भातच हल्ली धड राहिला नाही."

उभ्या जन्मात जिने चपाती हौसेने खाल्ली नाही, त्या प्रमिला राऊळचे पिंड शेवटी गव्हाच्या पिठाने बांधावे लागले. कावळ्याला त्याचं काही वाटलं नाही. तो लगेच शिवला.

केतकी मात्र घराकडे येताना वाटेतच थांबली. कोल्हापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. भात हाताला का चिकटतो, हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. भात मऊ शिजूनही चिकटत नसेल, तर त्यात चिकटणारं काहीतरी मुळातच नाही.

आणि तसं असेल, तर गेले दहा दिवस ती ज्या माणसावर दात धरून होती ते माणूस चुकीचं होतं.

*

आई पंधरा वर्षं इन्सुलिनवर होती. दंडावर रुपयाएवढी चकती, ती रक्तातली साखर सतत मोजायची आणि फोनला कळवायची. सकाळी फोनमधून बाईचा आवाज यायचा, "आज काय खाणार?" आई म्हणायची, "एक वाटी पेज." ती बाई आकडा सांगायची आणि प्राजक्ता तेवढं इन्सुलिन टोचायची. आईने त्या आवाजाचं नाव 'विचारणारीण' ठेवलं होतं. "सून विचारी ना, पण ही इचारता," असं म्हणून ती प्राजक्ताला डिवचायची, आणि प्राजक्ता म्हणायची, "तिकाच मगे पेज रांधूक सांगा."

त्या सकाळी इन्सुलिन टोचलं गेलं, एक वाटी पेज सांगितली गेली आणि साखर खाली जात राहिली. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत आई गेली होती. तिथल्या डॉक्टरने फोनमधली साखरेची रेषा दाखवली. "पेज पोटात गेली असती तर रेषा इथे चढली असती. ही उपाशी माणसाची रेषा आहे."

केतकीने रेषा पाहिली. तिला आलेख वाचता येत होते, म्हणून तिचा त्या रेषेवर चटकन विश्वास बसला. रेषेला नातेवाईक नसतात, ती खोटं कशाला बोलेल? सुनेने इंजेक्शन दिलं आणि जेवायला घातलं नाही, एवढाच अर्थ निघत होता. आरोग्य खात्याने चौकशी लावली होती. तेरावं झालं की प्राजक्ताचा जबाब घ्यायला पोलीसही येणार होते.

चौथ्या दिवशी मागच्या दारी केतकी तिला म्हणाली होती, "घातलं नाहीस ते नाहीस, निदान कबूल तरी कर."

प्राजक्ताने कळशी खाली ठेवली होती. "पेज दिली होती, ताई," एवढंच म्हणून ती पुन्हा कळशी उचलून आत गेली होती. त्यानंतर दोघींत शब्द नव्हता.

*

केतकी थेट स्वयंपाकघरात गेली. चुलीवर पेजेचं टोप होतं. तिने डाव घालून ढवळलं. डाव काढला तशी शितं तळाशी बसली आणि वर पाणी राहिलं, विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. बोट बुडवून चोळलं तर बुळबुळसुद्धा नाही.

"ही अशीच होती?"

प्राजक्ता वळली. तिला वाटलं, नवीन काही आरोप आहे. "कशी?"

"पाणी वेगळं, शितं वेगळी."

"नवी कणगी उघडली तेव्हापासून अशीच." ती जपून बोलत होती. "आई पण म्हणाल्या, ह्या पेजेक जीव नाय गो. मी जास्त शिजवली. दुसऱ्या दिवशी आणखी शिजवली."

"आणि आईला चक्कर येत होती ती?"

"तेव्हापासूनच. मशीन ओरडायचं, साखर कमी झाली, पेज, भात किंवा साखर द्या. मी पेज द्यायची."

"साखर का नाही दिलीस?"

"साखर होती कुठे?" प्राजक्ताचा आवाज पहिल्यांदा चढला. "ह्या घरात साखर नाय, गूळ नाय, तीन वर्षं नाय! आई चोरून खायच्या म्हणून मीच बंद केला. ह्यांका बिनसाखरेची चाय, माका बिनसाखरेची चाय. सणाक गोड झाला तर माझ्या माहेरी. लोकांनी नावा ठेवली माका. तुमीच तेव्हा फोनवर म्हणालात, बरं केलंस." ती थांबली. चुलीतलं लाकूड तिने मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. "त्या सकाळी तीन वाट्या दिल्या, ताई. दोन त्या प्यायल्या. तिसरी मी चमच्याने घातली. ती गालातून बाहेर आली."

केतकीने विचारलं, "दुसरा तांदूळ आहे घरात? या कणगीतला नसलेला?"

प्राजक्ताच्या माहेरहून आलेला ओटीचा तांदूळ होता, खणात बांधून ठेवलेला. केतकीने तो वेगळ्या टोपात शिजवला. गावच्या हायस्कुलातून आयोडीनची बाटली आणली. सर ओळखीचे होते; दुःखाच्या घरात आयोडीन कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.

दोन पेले. एकात ओटीच्या तांदळाची पेज, एकात घरच्या.

"थुंक," केतकी म्हणाली.

"काय?"

"दोन्ही पेल्यांत. लाळ हवी आहे."

"ताई, तुमचं डोकं बरं आहे ना?"

"नववीत केलेला प्रयोग आहे. पेज तू दिलीस ना? मग प्रयोगही तूच कर."

प्राजक्ता तिच्याकडे बघत राहिली, मग तोंड फिरवून दोन्ही पेल्यांत थुंकली. पेले चुलीच्या उबेला ठेवून दोघी पाटावर बसल्या. बाहेर भेटायला आलेल्या बायका दिगूला कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत होत्या. आवाज आतपर्यंत येत होता, आणि यावा अशा बेतानेच येत होता.

पुरेसा वेळ गेल्यावर केतकीने दोन्हींत आयोडीनचा थेंब टाकला. ओटीच्या पेल्यात थेंब विरघळला आणि पेज पिवळट राहिली. घरच्या पेल्यात मात्र थेंब पडताच शाईची दौत लवंडल्यासारखं निळं पसरलं.

"स्टार्च शिल्लक असला की निळं होतं," केतकी म्हणाली. "ह्यातला तुझ्या लाळेने पचवला. ह्यातला पचलाच नाही."

प्राजक्ताने पेला उचलून उजेडाकडे धरला. "म्हणजे मी दिली होती."

"हो."

"पोटात होती त्यांच्या."

"पोटात होती. रक्तात पोचली नाही."

केतकीने माफी मागितली नाही. मागितली असती तर प्राजक्ताने ती तिथल्या तिथे दिली असती, आणि इतक्या स्वस्तात सुटायची केतकीची इच्छा नव्हती.

*

बाजारात 'सौम्या' नावाचा तांदूळ येऊन दोन वर्षं झाली होती. 'अन्नजा' बियाणे कंपनीचा. मधुमेही माणसानेही पोटभर भात खावा, साखर चढणार नाही, अशी त्याची जाहिरात होती, आणि ती खोटी नव्हती.

तांदळाच्या दाण्यात स्टार्च दोन प्रकारचा असतो. एक सरळ लांब साखळ्यांचा, दुसरा झाडासारखा फांद्या फुटलेला. फांद्यांच्या स्टार्चला टोकं पुष्कळ, आणि आपली पाचकद्रव्यं टोकाकडून कुरतडत येतात, म्हणून तो पटकन पचतो, पटकन साखर होतो. भाताचा चिकटपणा आणि पेजेची दाट साय मुख्यतः त्याचीच. सरळ साखळ्या मात्र काड्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना घट्ट बिलगून बसतात. पाचकद्रव्याला आत शिरायला जागा मिळत नाही, आणि त्यांतला बराच भाग न पचता पुढे सरकतो.

साखळीला फांद्या फोडायचं काम एक विकर करतं आणि ते विकर कसं घडवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. 'सौम्या'त ते जनुक काढलेलं नव्हतं. ते जागच्या जागी होतं, त्याचा निरोपही निघत होता. पण शास्त्रज्ञांनी रोपात आणखी एक तुकडा घातला होता, त्याच निरोपाची उलटसुलट दुमडलेली नक्कल तयार करणारा. पेशीला असा दुमडलेला निरोप दिसला की विषाणू शिरल्यासारखं वाटतं. ती त्याचे बारीक तुकडे करते, आणि ते तुकडे हातात घेऊन तसाच मजकूर जिथे दिसेल तिथे फाडत सुटते. मूळ निरोपही त्यात फाटतो. जनुक बोलत असतं, ऐकू कुणालाच जात नाही. म्हणून अशा जनुकाला मुकं केलं असं म्हणतात.

यात नवं प्रथिन तयार होत नाही. नवं प्रथिन नाही म्हणून नवं अन्न नाही, आणि नवं अन्न नाही म्हणून वेगळी कडक परवानगी नाही, असा नियम होता. फक्त पिशवीवर छापायचं होतं: इन्सुलिन घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याने मात्रा कमी करावी. कारण इन्सुलिन पेजेच्या हिशेबाने टोचतात. पेजेतून साखर आलीच नाही, तर ते रक्तात होती-नव्हती तेवढी साखर ओढून नेतं, आणि टोचलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही.

पण राऊळांच्या घरात 'सौम्या'ची पिशवी कधीच आली नव्हती.

*

दिगू खळ्याच्या कडेला एकटा बसला होता. केतकीने निळा पेला त्याच्यासमोर ठेवला.

"कणगीत कुठला तांदूळ आहे?"

"घरचा. आपला नेहमीचा वालय."

"दिगू."

तो ताईशी बोलताना नेहमी शाळेतल्यासारखं नेटकं मराठी बोलायचा. आताही तसंच बोलला, धड्यातलं उत्तर दिल्यासारखं. "गेल्या पावसाळ्यात खेकड्यांनी आपला तरवा खाल्ला. निम्मा मळा रिकामा राहत होता. शेजारच्या गुणाकाकीच्या मळ्यात 'अन्नजा' कंपनीने प्रात्यक्षिक लावलं होतं. लावणी झाल्यावर तिच्याकडे तरवा उरला."

पुढचं सांगायला नको होतं. भाताची रोपं उपटून जुड्या बांधल्या आणि लावून उरल्या, की त्या बांधावरून शेजाऱ्याला द्यायच्या. दाम नाही, मागणंही नाही. उगवलेला तरवा फेकायचा नसतो, जाळायचा तर नसतोच. कुणाच्या तरी चिखलात त्याला पाय रोवायला मिळाले पाहिजेत. आणि कुणी दिला तर नको म्हणायचं नसतं. आईनेच हे दोघांना शिकवलं होतं.

"कंपनीचं कुणी होतं तिथे?"

"कारखानीस होता. मी जुड्या उचलल्या तेव्हा समोर उभा होता. म्हणाला, नियमाने हा जाळून नष्ट करायचा असतो. तसं मी कळवतो. बाकी तुमचं तुम्ही बघा." दिगूने पेल्याकडे पाहिलं. "हसला, ताई. म्हणाला, कोकणात तरवा कोण जाळतो?"

"म्हणजे त्याला माहीत होतं."

"त्याला रीत माहीत होती."

"आणि तुला? तुला कधी कळलं?"

त्याने पेला बोटाने थोडा दूर सारला.

"कधी?"

"आईला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. गुणाकाकीच्या पडवीत पिशवी टांगलेली होती. वाचली मी."

केतकी उभी होती, ती खाली बसली. ओरडावं असं तिला फार वाटलं. पण खळ्यापलीकडे बायका होत्या, म्हणून ती हळू आवाजात बोलली, आणि त्याने ते अधिकच वाईट ऐकू आलं.

"नऊ दिवस. नऊ दिवस त्या बाया तुझ्या दारात बसून तुझ्या बायकोला खुनी म्हणतायत. मी म्हटलं. तू माझ्या शेजारी बसून ऐकलंस."

"मी सांगितलं असतं तर आईक मी मारलंय असा झाला असता."

"म्हणून तिने मारलं असं होऊ दिलंस."

दिगूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लहानपणी आईचा मार चुकवायला तो असाच बसायचा, आणि तेव्हा केतकी मध्ये पडायची. आज ती मध्ये पडली नाही.

"तेराव्याला कारखानीस येणार आहे," ती उठत म्हणाली. "जबाबाच्या आधी सगळ्यांसमोर तू सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण मग मला भाऊ नाही."

*

तेराव्याला पानं मांडली होती. कारखानीस आला तो फळांची करंडी घेऊन, पांढरा सदरा घालून. तिशीतला, गोड बोलणारा, गावातल्या म्हाताऱ्यांना नावानिशी ओळखणारा माणूस. आईच्या फोटोला हार घालून तो ओसरीवर टेकला.

"फार वाईट झालं, मॅडम. काकी मला नेहमी सोलकढी पाजायच्या." त्याने आवाज खाली आणला. "आणि चौकशीचं मनावर घेऊ नका. घरगुती दुर्लक्ष होतं कधीकधी. सुनांवरही ताण असतो. आमच्या ओळखीचे वकील आहेत, प्रकरण वाढणार नाही असं बघू."

"आमच्या घरातल्या दुर्लक्षाची तुमच्या कंपनीला एवढी काळजी?"

"माणुसकी म्हणून."

"बसा मग पानावर."

तो बसला. प्राजक्ता वाढत होती. केतकीने तिच्या हातातलं भाताचं पातेलं घेतलं आणि कारखानिसाच्या पानावर एक मोठा डाव रिकामा केला. वरण वाढलं नाही.

"पिंड वळा," ती म्हणाली.

आबा उपाध्यांचा घास हातात राहिला.

"काय बोलताय, मॅडम? जेवणाच्या पानावर? हे अशुभ..."

"अशुभ होऊन गेलं. माझा भाऊ वळू शकला नाही. तुमचा भात आहे, तुम्हाला जमेल."

"आमचा? कशावरून?"

"दाबा आणि बघा."

सगळी पंगत बघत होती. त्याने हसण्याचा प्रयत्न केला, मग काहीतरी करायचं म्हणून मूठ भरली आणि दाबली. उघडली तेव्हा शितं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडली.

"आमची कणगी उघडली तेव्हापासून पेज अशीच," खालच्या पानावरून एक म्हातारी म्हणाली. "मी म्हटलंय माझे दात गेले म्हणान लागता."

"तुमी खयसून हाडलात बी?"

"गुणाकाकीचो तरवो."

"आमचोय गुणाकाकीचोच."

"माझ्याकडे तीन घरं आहेत," आबा म्हणाले. त्यांनी घास पानात ठेवला. "तीन घरी पिंड वळले नाहीत. त्यांतल्या खाडीपलीकडच्या घरची बाईही इन्सुलिनवर होती. मला तेव्हा काय कळणार?"

कारखानीस उठला. आता त्याचा आवाज गोड राहिला नव्हता. "हे बघा, 'सौम्या' फक्त ठरलेल्या प्लॉटवर लावली जाते. उरलेली रोपं नष्ट झाली, तशी नोंद आहे. इथे ती आली असेल तर कुणीतरी चोरून आणली. कुणी आणली ते सांगा. तो गुन्हा आहे, आणि मग या मृत्यूला जबाबदारही तोच."

हाच प्रश्न तो विचारणार हे केतकीला ठाऊक होतं. नाव तिच्या जिभेवर होतं. तिने दिगूकडे पाहिलं. दिगू खालमानेने पाण्याचा तांब्या धरून उभा होता. तिने प्राजक्ताकडे पाहिलं. प्राजक्ता कुणाकडेच बघत नव्हती. तिने पुष्कळ दिवस कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तरवो मीच हाडलंय," दिगू म्हणाला. "चोरून नाय. तुमच्या डोळ्यांसमोर. तुमी हसलात."

"तुम्ही कबूल करताय? परवान्याशिवाय..."

"करतंय. काय ता लिवा, खय सही करूची ती सांगा." त्याने आता मान वर केली होती. "पण आधी माझ्या बायलेचा नाव काढा. तिना पेज दिल्यान. तीन वाट्यो दिल्यान. माका म्हायत होता आणि मी गप रवलंय."

प्राजक्ता हातातला डाव तसाच घेऊन आत गेली. तिच्या मागे जायला दिगू वळला, तशी केतकी आडवी झाली.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "तुझी पाळी यायला वेळ आहे."

*

चौकशीतून प्राजक्ताचं नाव वगळलं गेलं. आईच्या मृत्यूचं कारण 'आहार आणि औषधमात्रा यांतील विसंगती' असं ठरलं. या विसंगतीला कुणी कर्ता नव्हता. ती आपली आपणच झाली होती. दिगूला परवान्याशिवाय लागवड केल्याची नोटीस आली. कारखानिसाची बदली झाली. 'सौम्या'च्या पिशवीवरची सूचना आता लाल रंगात, ठळक छापतात. ज्यांच्याकडे पिशवी येते त्यांना ती वाचता येते.

केतकीचा राग ओसरला नाही. ती वर्गात स्टार्च शिकवायला उभी राहिली की हातातला खडू मोडायचा. लोकांनी तिला सांगितलं, आईचं वय झालं होतं, विज्ञानाने हजारोंचं भलं केलं. तिलाही ते मान्य होतं. कोल्हापुरात तिच्या शेजारचे दामले रोज 'सौम्या'चा भात खात होते, पिशवी वाचून, मात्रा कमी करून, आणि ठणठणीत होते. तिचा राग तांदळावर नव्हता. ज्याने तरव्याची रीत ओळखली, आणि तिचा आडोसा घेतला, त्या हसण्यावर होता.

आषाढात ती रजा घेऊन लावणीला आली. कणगी रिकामी केलेली होती. बी प्राजक्ताच्या माहेरचं होतं. प्राजक्ता आणि दिगू एकाच मळ्यात वाकून लावत होते, मध्ये चांगलं चार हात अंतर ठेवून. कामापुरतं बोलत होते. स्वयंपाकघरात फळीवर गुळाची ढेप होती, सहज हात पोचेल अशी.

दुपारी उघडीप पडली तेव्हा बांधावर गुणाकाकी आली. काखेत हिरव्यागार जुड्या, मुळांतून चिखलाचं पाणी गळत होतं. चौकशीत तांदळावर ठपका आला नाही, तेव्हा प्रात्यक्षिकं थांबवायचं कारण नाही, असं कंपनीने तिला समजावलं होतं.

"प्राजक्ता, तुमचो कोपरो रिकामी रवलो. माझो तरवो उरलो हा. घेतंस काय गो?"

प्राजक्ता सरळ उभी राहिली. दिगू चिखलातच थिजला. नको म्हणायचे शब्द त्या दोघांच्या जन्मात त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलेले नव्हते.

"नको, काकी," केतकी म्हणाली.

गुणाकाकीला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा पडला. "तुझ्या आवशीन माझो तरवो कधी परतवलो नाय."

"माहीत आहे. म्हणूनच नको."

"मगे कोणाक देऊ? घोट्याभर पाण्यात ठेवलंय तर उद्यापर्यंत टिकात." ती जुड्यांकडे बघत होती, कुणाचं तरी पोर हातात असल्यासारखी. "टाकूचो नसतां गो तरवो."

"द्या इकडे."

केतकीने जुड्या घेतल्या. बांध ओलांडून ती कातळावर चढली. जुड्यांची बंधनं सोडली आणि रोपं उन्हात पसरली, मुळं वर करून. रोपं कोवळी होती, चांगल्या मुळांची होती. आईने पाहिलं असतं तर पाठीत धपाटा घातला असता.

थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी बसलं. प्राजक्ता होती. तिने एक जुडी ओढून घेतली, गाठ सोडली आणि न बोलता पसरायला लागली.

खाली बांध रिकामा होता. गुणाकाकी निघून गेली होती. दुखावली, केतकीला वाटलं. आता ती वर्षभर बोलणार नाही.

शेवटचं रोप पालथं घालून तिने मान वर केली तेव्हा गुणाकाकी कातळ चढून येत होती. सावकाश, गुडघ्यावर हात टेकत. डोक्यावर तिच्या मळ्यातल्या उरलेल्या सगळ्या जुड्या होत्या.